बंडीतून काय काय काढता येईल?

पौष लागता लागता वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या बांध्या मोकळ्या होतात. धान कापून, चुरून ढोलीत पडलेलं असतं. उभ्या धानातच फेकलेली लाखोळी काही बांध्यांत हिरवी दिसते, बांधावर तूर वाळत असते. पावसाळाभर चिखलात राबलेल्या बैलांना जरा उसंत मिळते, आणि नेमक्या याच दिवसांत वाढयाच्या, म्हणजे सुताराच्या, अंगणात एक निराळं काम येऊन पडतं. रोजची बंडी, म्हणजे बैलगाडी, जड असते, कारण तिला ओझं वाहायचं असतं. तिच्यावर धानाचे भारे चढतात, शेणखत चढतं, जंगलातलं लाकूड चढतं. पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी यातलं काहीच चढणार नसतं. चढणार एक माणूस, तोही काही सेकंदांपुरता. मग बंडीतून काय काय काढता येईल?

जवळजवळ सगळंच. तट्टे जातात, फळ्या जातात, बाजूच्या उभाऱ्या जातात. जाड चाकांच्या जागी हलकी चाकं येतात. उरतो तो आस, धुरा, जू आणि हाकणाऱ्याला जेमतेम टेकता येईल एवढा आधार. हा शंकरपटाचा छकडा. घरच्या बंडीचंच हे सडपातळ भावंड. पाहुण्यांना आणायला-पोचवायला ठेवलेली रेंगी या दोघांच्या मधली. तिच्यात माणसं बसत, तरी बैल दुडक्या चालीने पळू शकत. छकड्यात बसण्याची सोय उरत नाही, पळण्याची तेवढी उरते.

रोजच्या वापराचं स्वस्त वाहन घ्यायचं, त्यातलं अनावश्यक ते उपसून टाकायचं आणि उरलेल्या सांगाड्याला शर्यतीत उतरवायचं, ही युक्ती मोटारींच्या दुनियेतही गरिबाचीच मानली जाते. इंग्लंडमध्ये 1922 साली ऑस्टिन सेव्हन नावाची इवलीशी गाडी आली. मध्यमवर्गाला परवडावी म्हणून काढलेल्या या गाडीच्या जुन्या सांगाड्यावर कॉलिन चॅपमन या तरुणाने 1948 मध्ये आपली पहिली स्पर्धेची गाडी बांधली. पुढे लोटस या नावाने जग गाजवणाऱ्या गाड्यांचा हा आरंभ. वजन काढा, वेग आपोआप येतो, हे चॅपमनचं आयुष्यभराचं सूत्र राहिलं. ॲलेक इसिगोनिसनेही तरुणपणी मित्राबरोबर ऑस्टिन सेव्हनच्या आधाराने अशीच हलकी शर्यतगाडी घडवली होती. त्याच इसिगोनिसची मिनी 1959 मध्ये आली ती घरगुती गाडी म्हणून. 1961 मध्ये जॉन कूपरने तिच्यात दम भरला आणि 1964 साली या चिमुकल्या गाडीने माँटे कार्लोची रॅली जिंकून भल्याभल्यांना खाली बघायला लावलं. 1965 आणि 1967 मध्ये पुन्हा तेच घडलं.

भारतात हा प्रकार उशिरा आला, कारण छोटी गाडीच उशिरा आली. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर उतरली. 796 घनसेंटिमीटरचं तीन सिलिंडरांचं इंजिन, वजन साधारण साडेसहाशे किलो. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी हेच घरगुती इंजिन एका आसनाच्या उघड्या गाडीत बसवलं. तिचं नाव फॉर्म्युला मारुती. 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय चालक नारायण कार्तिकेयन याची सुरुवात याच गाडीतली. आजही लहान हॅचबॅक पटावर आणायची तर क्रम ठरलेला असतो. मागचं आसन, गालिचा, जादाचं चाक, वातानुकूलनाचा पंप, ध्वनिवर्धक हे बाहेर. लोखंडी नळ्यांचा पिंजरा, खोलगट आसन, खांद्यावरून येणारे पट्टे, चांगले ब्रेक हे आत.

वैनगंगेकाठच्या गडचिरोलीत मात्र मोटारींच्या शर्यतीचं मैदान नाही. जिल्ह्यात रेल्वेचं स्थानकही वर्षानुवर्षं एकच, वडसा. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांनी रस्त्यांना फार पुढे जाऊ दिलं नाही. भामरागडसारखी गावं पावसाळ्यात आजही पुराने तुटतात. अशा मुलखात पूर्वी बंडी हेच मालवाहू वाहन होतं, तेच प्रवासी वाहन आणि लग्नसराईत वरातीचंही वाहन. तेव्हा शर्यत लावायची ती दुसऱ्या कशाची लावणार?

लाकडाला मात्र इथे तोटा नव्हता. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान बल्लारशाच्या आगारातून देशभर जातं. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही इथूनच लाकूड गेलं. पण बंडी नुसत्या सागावर उभी राहत नाही. सागाचं काम फळ्यांचं. जिथे मार बसतो, पीळ बसतो, तिथे धावड्यासारखं चिवट लाकूड लागतं आणि धुऱ्यासाठी तिवस चांगला. तट्ट्याला बांबू. एका बंडीत जंगलातली चार-पाच झाडं आपापल्या स्वभावाप्रमाणे कामाला लागलेली असत, आणि कुठलं कुठे लावायचं हे वाढयाला ठाऊक असे. चाकावर लोखंडी पट्टी तापवून चढवत आणि लगेच पाणी ओतत. लोखंड आकसलं की आरे आणि पुठ्ठे करकचून एकमेकांना धरत. या पट्टीला मराठीत ‘धाव’ म्हणतात. शर्यतीच्या चाकाला याहून नेमकं नाव कुणाला सुचलं नसतं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या धानाच्या आणि झाडीच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. इथली बोली झाडीबोली. तिच्या अभ्यासासाठी आणि इथल्या लोकरंगभूमीच्या नोंदीसाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी उभं आयुष्य घातलं. या पट्ट्याचा इतिहास तळ्यांचा आहे. गोंड राजांच्या काळापासून इथे पाणी अडवून धान पिकवत आले. पुढे नागपूरकर भोसले आले. 1854 मध्ये त्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा करून घेतलं, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि जमिनीचा सारा वसूल करणं मालगुजारांच्या हाती आलं. मामा तलाव म्हणून ओळखली जाणारी तळी ही त्याच मालगुजारी व्यवस्थेची खूण. ‘माजी मालगुजारी’ची आद्याक्षरं जोडून ‘मामा’ झालं. कुणाच्या मामाचा त्याच्याशी संबंध नाही.

पटाला मोकळी, सपाट, लांब जागा लागते आणि बांध्याबांध्यांनी चिरलेल्या धानाच्या शिवारात तीच दुर्मीळ. शे-दोनशे जोड्या, त्यांच्यासोबतची माणसं, त्यांचं जेवणखाण आणि मुक्काम हे सांभाळायचं तर यजमान तालेवार हवा. मालगुजाराला हा खर्च झेपणारा होता आणि त्यातून मिळणारी प्रतिष्ठा हवीच होती. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली. पट गेला नाही. गावच्या मंडळाने वर्गणी काढली आणि यजमानपण वाटून घेतलं. माणसाची मिजास गावाची झाली एवढंच.

नावाची उकल लोक सहज करतात. बैल हा नंदी, नंदी शंकराचा, म्हणून शंकरपट. संक्रांतीच्या आसपास सुरू झालेले पट महाशिवरात्रीच्या सुमाराला आटोपत येतात, आणि त्या दिवशी चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची मोठी जत्रा भरते. धर्म आणि शेतीचं वेळापत्रक एकमेकांना इतकं चिकटलेलं आहे की आधी कोणतं आलं हे विचारण्यात फारसा अर्थ नाही.

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यती सगळीकडे सारख्या नाहीत, हे घाटावरच्या वाचकाला सांगावं लागतं. पुणे जिल्ह्यात खेड-मंचरकडे चार बैल आणि त्यांच्या पुढे घोडेस्वार चढणीचा घाट मारतात. सांगली-साताऱ्याकडे जोड्या गटागटाने सुटतात आणि उपान्त्य, अंतिम अशा फेऱ्या होतात. अलिबागच्या बाजूला समुद्राची पुळण हाच ट्रॅक. विदर्भातल्या पटात आखून घेतलेल्या दाणीतून जोडी सरळ रेषेत सुटते. काही पटांत शेजारशेजारच्या दाणींत दोन जोड्या लावतात, काही ठिकाणी एकेकटी जोडी सोडतात आणि निकाल घड्याळ देतं. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट या घड्याळी प्रकारासाठी नावाजलेला. तिथे बायकांनीही छकडे हाकले आहेत. भंडारा जिल्ह्यात लाखनीजवळच्या पिंपळगाव सडकचा पट जुन्या मानाचा.

छकड्यावर उभा किंवा उकिडवा असतो तो धुरकरी. मोटारीत ज्याला चालक म्हणतात त्याच्यापेक्षा याचं काम अवघड. गाडीला सुकाणू नाही, ब्रेक नाही, आणि दोन इंजिनं आहेत ज्यांची मनं वेगळी. एक बैल जोराचा आणि दुसरा हुशार असेल तर जोराच्याला धरून आणि हुशाराला सोडून जोडी सरळ ठेवायची असते. कासरा किंचित ओढला तरी छकडा दाणीबाहेर जातो. छकडा जितका हलका तितका तो उडतो. एका चाकाखाली ढेकूळ आलं की दुसरं चाक हवेत जातं, आणि तेवढ्यात धुरकऱ्याला अंगाचा तोल देऊन ते खाली आणावं लागतं. वजन काढण्याची किंमत ही अशी. बंडीच्या जडपणात एक सुरक्षितपणा असतो, तो छकड्यातून फळ्यांबरोबरच निघून जातो.

अमेरिकेत 2006 पासून फुटकळ गाड्यांची एक लांब पल्ल्याची शर्यत चालते. तिच्या नावात ‘लेमन्स’ आहे, म्हणजे लिंबं, म्हणजेच तिकडच्या बोलीत भंगार गाड्या. नियम असा की गाडी पाचशे डॉलरच्या आतली हवी. पण पिंजरा, पट्टे, आसन आणि ब्रेक यांचा खर्च त्या पाचशेत धरत नाहीत. गाडी स्वस्त असो, आतला जीव स्वस्त धरायचा नाही. शंकरपटात धुरकऱ्याला असं कुठलंच कवच पूर्वापार नव्हतं. फेटा, धोतर आणि अनुभव. आज कुठे कुठे हेल्मेट दिसतं, पण ज्या मैदानाच्या कडेला दोरीपलीकडे हजारोंची गर्दी उभी असते तिथे धोका धुरकऱ्यापुरता राहत नाही. बिथरलेली जोडी दोरी ओळखत नाही.

आता बैलांकडे वळायला हवं. छकडा हे या शर्यतीतलं स्वस्त अंग, खरं मोल बैलांचं. वर्ध्याकडचा गवळाऊ हा चपळ चालीचा बैल. मराठ्यांच्या फौजांच्या जलद वाहतुकीशी या जातीचं नाव जोडलं जातं. नागपूर, वर्धा ते थेट बालाघाट-शिवनीपर्यंत तिचा मुलूख. झाडीपट्टीचा स्वतःचा बैल त्यापुढे लहान दिसतो. चण आटोपशीर, खूर कणखर, तणसावर भागवणारा, आणि चिखलणीत पोटऱ्याएवढ्या गाळात दिवसभर चालूनही न बसणारा. कृषी खात्याच्या लेखी त्याला नावही नव्हतं, ‘गावरान’ एवढीच ओळख. 2023 च्या सुरुवातीला केंद्र सरकारने पशुधनाच्या दहा नव्या जातींची नोंद जाहीर केली, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ‘कठाणी’ ही गाय आली. गडचिरोली शहराजवळून वाहणाऱ्या नदीचं नावही कठाणी. मोटारींच्या भाषेत सांगायचं तर हा मुलखातला 796 घनसेंटिमीटरवाला. दिसायला किरकोळ, खायला कमी, रस्ता कसाही असो, नेणारा.

पटाचा जुना गोडवा याच बैलात होता. ज्याने आषाढात चिखलणी केली, ज्याच्या पाठीमागे रोवणा झाला, पोळ्याला ज्याच्या खांद्याला हळद-लोणी लागलं आणि तोरणाखाली ज्याच्यासाठी झडत्या म्हटल्या गेल्या, तोच बैल पौषात दाणीवर उभा राहत असे. गावाला तो नावाने ठाऊक असे. हरला तर दुसऱ्या दिवशी बंडीला जुंपला जाई. पण जिथे बक्षीस वाढतं तिथे खास शर्यतीचा बैल तयार होतोच. त्याला शेतीचं काम नाही. त्याला ढेप, दूध, अंडी, सुकामेवा. त्याची किंमत लाखांत, त्याची ने-आण पिकअप गाडीतून. मोटारींच्या शर्यतीतही हेच झालेलं आहे. स्वस्तातल्या शर्यतीत एकाने जास्त खर्च केला की इतरांना करावा लागतो, आणि दहा वर्षांत ‘स्वस्त’ हा शब्द फलकावरच उरतो. म्हणून तर लेमन्सवाल्यांनी पाचशेची मर्यादा घातली. बैलाला अशी मर्यादा कोण घालणार? 2023 मध्ये सांगली जिल्ह्यात भाळवणीच्या मैदानात पहिलं बक्षीस थार गाडी होतं. बैलांनी मोटार जिंकावी आणि ती त्यांना कधीच चालवता येऊ नये, यातला विनोद मैदानातल्या कुणाच्या ध्यानात आला होता की नाही, कोण जाणे.

झाडीपट्टीत मात्र पट दिवस मावळताना संपत नाही. ज्या गावी पट, त्या गावी रात्री नाटक. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांच्या पोटातून वाढलेली ही रंगभूमी आज पूर्ण व्यावसायिक आहे. वडशाला नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत, हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत, पडदा रात्री उशिरा उघडतो आणि पहाटे पडतो. कुरखेडा तालुक्यातले नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीला या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा नीट ऐकू गेलं. पटासाठी आलेला पाहुणा रात्री परत जाऊ शकत नसे. वाट जंगलाची, बैल थकलेले. मग त्याला रात्रभर गुंतवून ठेवायचं तर नाटकाहून चांगलं काय? घरोघरी लेकी-जावई येतात, सोयरे येतात, उपवर मुलामुलींची बोलणी याच गर्दीत सुरू होतात. दुपारी बैल पाहायचे, रात्री नाटक, आणि त्या दोहोंच्या आडून सोयरीक. एका शर्यतीने इतकी कामं उरकावीत हे कुठल्याही मोटारींच्या ट्रॅकला जमलेलं नाही.

मग बंदी आली. केंद्राच्या पर्यावरण खात्याने 11 जुलै 2011 रोजी अधिसूचना काढून खेळासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या पंक्तीला बैल बसला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदीचा निकाल दिला. न्यायालयापुढे आलेली वर्णनं सुखावह नव्हती. शेपट्या पिरगाळणं, चावणं, टोचणं. पटाच्या चाहत्यांनी ती खोटी म्हणून झटकणं सोपं होतं, पण तुतारीला, म्हणजे बैल हाकायच्या काठीला, खिळा असतो हे विदर्भातल्या लहान मुलालाही माहीत आहे. शेतात तो खिळा हळूच लागतो. दाणीवर, सगळं गाव बघत असताना, तो हळू लागत असेल यावर विश्वास ठेवणं कठीण.

जानेवारी 2016 मध्ये केंद्राने सवलत दिली, पाचच दिवसांत न्यायालयाने तिला स्थगिती दिली. 2017 च्या सुरुवातीला चेन्नईचा मरीना किनारा जल्लीकट्टूसाठी पेटला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपला दुरुस्ती कायदा केला. जनावराला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी त्यात तरतूद. पण मुंबई उच्च न्यायालयात तो अडला. बैलाला पळण्याची क्षमता आहे की नाही, यावर सरकारने समिती नेमून अहवाल करून घेतला. ज्या मुलखात बैलाच्या मागे माणूस आयुष्यभर पळत आला, तिथे बैल पळू शकतो याला सरकारी कागद लागला! अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले.

मधल्या सात-साडेसात वर्षांत राज्यात ठिकठिकाणी चोरून शर्यती झाल्या आणि गुन्हे नोंदले गेले. झाडीपट्टीत नाटकं चालू राहिली. पटाशिवायचं नाटक ही तोवर काहीशी अवघडलेली गोष्ट होती, ती सवयीची झाली. खरं नुकसान अंगणात झालं. पटाचा छकडा घडवणारा वाढई वर्षाला एखाद-दुसराच छकडा करत असे, पण त्या निमित्ताने हात चालत असे, आणि शेजारचं पोरगं बघून शिकत असे. त्याच काळात घरोघरची बंडीही संपत होती. आधी लाकडी चाक जाऊन टायर आला, मग बंडीच जाऊन ट्रॅक्टरची ट्रॉली आली. धाव तापवून चाकावर बसवणारे हात ज्या वेगाने म्हातारे झाले, त्या वेगाने नवे तयार झाले नाहीत. बंदी उठली तेव्हा बैल हजर होते, धुरकरी हजर होते, गर्दी तर दुप्पट हजर होती. छकडा शोधावा लागला.

आज पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यक जोडी तपासतो, आणि तुतारी, काठी, चाबूक यांना मैदानात बंदी आहे. तुतारीविना जोडी सोडायची म्हणजे धुरकऱ्याकडे उरतो तो आवाज, आणि सुटण्याआधीचे काही क्षण बैलांच्या पाठीवर ठेवलेला हात. जुन्या माणसांना यात पटाची मजा गेल्यासारखी वाटते. पण वजन काढायचंच ठरवलं तर तो खिळाही वजनच होता, आणि तो काढल्यावर कुठली जोडी मनाने पळते आणि कुठली भीतीने पळत होती, हे दाणीवर उघडं पडतं.

महाशिवरात्र उलटली की छकडा सुटा होतो. चाकं गोठ्याच्या भिंतीला टेकतात, सांगाडा आढ्याला दोरीने टांगला जातो आणि त्याखाली कोंबड्या निवांत बसतात. अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्याशेजारी मोटारसायकल, आणि कुठे कुठे जुनी पांढरी मारुती 800. मृगाचा पाऊस पडून पऱ्हे टाकायची वेळ येईपर्यंत त्या छकड्याकडे कुणी वर मान करूनही बघत नाही.